ढोबळ्या मिरचीवरचा थर

पावडरीच्या नव्या डब्याचं झाकण उघडलं आणि अपूर्वाला एकदम घरचं स्वयंपाकघर आठवलं.

आषाढ संपत आला होता. साकीनाक्याच्या त्या गाळ्यात हवा इतकी दमट, की भिंतीवरच्या कॅलेंडरची पानंही गुंडाळत चालली होती. डब्याच्या झाकणाला कुठेतरी चीर गेली होती. ओल आत शिरून वरच्या पांढऱ्या पावडरीचे गठ्ठे झाले होते. अपूर्वाने एक गठ्ठा चिमटीत फोडला आणि नाकाशी नेला. वास अगदी पुसट होता, दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आला नसता. पण ती घाडींची मुलगी. दर मे महिन्यात मालवणाहून सोड्यांची पिशवी घेऊन येणाऱ्या आईच्या हाताखाली वाढलेली. सुकवलेल्या कोळंबीचा वास तिला झोपेतही कळला असता.

तिने बेसिनपाशी जाऊन हात साबणाने धुतले, पुसले, आणि परत एक गठ्ठा फोडला. वास तोच.

"खंडूदादा, ही पावडर कुठून आली?"

खंडू गाळ्यातला सगळ्यात जुना माणूस. साताऱ्याकडचा, पन्नाशीचा. भाज्या धुवायच्या, द्रावणात बुडवायच्या आणि जाळीवर पंख्याखाली सुकवायच्या, हे सगळं त्याच्याकडे. त्याने ट्रे खाली ठेवला, पण तिच्याकडे पाहिलं नाही.

"होळीपासनं नव्या माणसाकडनं येतीय की मॅडम. तुम्हाला ठावं नाही व्हय? मला वाटलं, तुमीच सांगितलं आसंल."

"आणि डब्यावर लेबल का नसतं?"

"शेठ म्हनले, आल्या आल्या सोलून टाकायचं."

तो उठला, मागच्या रिकाम्या डब्यांपैकी एक घेऊन आला. त्याच्या बुडाशी एक लेबल अर्धवट राहून गेलं होतं. बारीक अक्षरांत माल कशापासून बनवला ते लिहिलेलं होतं. कोळंबीची टरफलं.

अपूर्वा तिथल्या स्टुलावर बसली. तिच्या मनात पहिलं नाव आलं ते वरच्या मजल्यावरच्या हसुबांचं.

खरं तर हे द्रावण अपूर्वाचंच. तीन वर्षांपूर्वी कॉलेजातला तिचा सीनियर अनिरुद्ध तिला भेटला आणि म्हणाला, शेतातून निघालेली भाजी बाजारात पोचून फ्रिजमध्ये जाईपर्यंत निम्मी सुकते, आपण काहीतरी करू यार. तिने वर्षभर खपून ते द्रावण बनवलं. एका खास अळंबीपासून काढलेली पावडर, पाणी आणि थोडं सौम्य आम्ल. रात्रभर ढवळलं की तांदळाच्या पेजेसारखं दाटसर होतं. त्यात ढोबळी मिरची नाहीतर काकडी बुडवून सुकवली, की तिच्यावर डोळ्याला न दिसणारा एक थर बसतो. भाजीचा श्वास मंदावतो, पाणी आतच राहतं. अपूर्वा रोज दोन ढीग वजन करून पाहायची, एक साधा, एक थर दिलेला. दहाव्या दिवशी साध्या ढिगातल्या मिरच्या म्हातारीच्या गालांसारख्या व्हायच्या आणि दुसऱ्या ढिगातल्या तशाच ताठ, झाडावरून आत्ता उतरवल्यासारख्या. अनिरुद्धने कंपनीचं नाव ठेवलं 'हरितकवच'. पाकिटावर हिरवा ठिपका आणि खाली ठसठशीत अक्षरांत, शंभर टक्के वनस्पतिजन्य.

फाल्गुनात द्रावण एकदम सुधारलं होतं. लवकर विरघळायचं, थर जास्त एकसारखा बसायचा. अनिरुद्धने तिचं कौतुक केलं आणि तिनेही ते घेतलं. आपण ढवळायचा वेग बदलला म्हणून झालं असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. रोज सकाळी वहीत सही करणारी तीच होती. पावडर तपासली, ठीक आहे, अपूर्वा घाडी. विचारायला हवं होतं. तिने विचारलं नव्हतं.

दुपारी अनिरुद्ध आला तेव्हा ती लेबलाचा तुकडा घेऊन त्याच्या टेबलापाशी गेली.

त्याने तो तुकडा पाहिला. नाकारलं नाही, एवढं मात्र खरं.

"अळंबीची पावडर बाहेरून यायची, अपूर्वा. तीन-तीन महिने माल अडकायचा. फेब्रुवारीत आपण बंदच पडलो असतो."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू केलं असतंस?"

तिने तुकडा त्याच्यापुढे सरकवला.

"हे बघ, तूच केमिस्ट्री शिकलीयस ना? पदार्थ तोच आहे. अळंबीतून काढ नाहीतर कोळंबीतून काढ. सगळं धुऊन, उकळून शुद्ध झालेलं असतं. त्यात कोळंबीचं काय राहतं?"

"मग लेबल का सोललंस?"

अनिरुद्धने खुर्ची मागे सरकवली. "आपला निम्मा माल घाटकोपर-मुलुंडच्या दुकानांत जातो. कोळंबीचं म्हटल्यावर तिथले शाकाहारी लोक घेतील? शिवाय इथे सात माणसं कामाला आहेत. खंडूला या वयात दुसरं काम कोण देणार? दिवाळीनंतर परत अळंबीवर जाऊ. शब्द देतो."

"तोपर्यंत तो ठिपका काढ."

"ठिपका काढला की वाट लागली समज," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, उलट थकलेला होता. "अपूर्वा, कुणाला काहीही होत नाहीये. कुणी आजारी पडलेलं नाही. प्लीज."

ते खरं होतं. कुणी आजारी पडलं नव्हतं. पण अपूर्वाच्या डोळ्यांसमोर पंतनगरच्या त्यांच्या इमारतीतला दुसरा मजला होता.

हसुबा म्हणजे हसुमतीबेन शाह. वय शहात्तर. नवरा गेलेला, मुलगा-सून बडोद्याला. पुनर्विकासाच्या आधीची जुनी दुमजली इमारत होती तेव्हापासून घाडी आणि शाह शेजारी. अपूर्वाचे वडील रात्रपाळीचे वॉचमन होते. दिवसा ते घरात झोपायचे, म्हणून ती अभ्यासाला हसुबांकडे जायची. दहावी, बारावी, बी.एस्सी., सगळा अभ्यास तिने त्यांच्या खिडकीपाशी केला. त्या घरात कांदा-लसूण तर सोडाच, बटाटासुद्धा येत नसे. सूर्य मावळला की जेवणखाण बंद. चातुर्मासात पाणीही उकळून. ज्या दिवशी घाडींकडे मासे शिजायचे त्या दिवशी अपूर्वा वर जायची नाही. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. हसुबांनी पंधरा वर्षांत एकदाही विचारलं नाही, "आज काय खाल्लंस?" ती आली म्हणजे यायला हरकत नाही म्हणूनच आली असणार, असं त्या धरून चालत.

दोन वर्षांपूर्वी हसुबांचे गुडघे गेले. घराबाहेर पडणं बंद झालं. मोबाइलवरून भाजी मागवणं त्यांना जमेना. मागवली तर कशी येईल सांगता यायचं नाही, आणि एकटीच्या घरात ती पडून सडायची. मग अपूर्वा दर पंधरा दिवसांनी गाळ्यातल्या चाचणीच्या भाज्या त्यांना आणून देऊ लागली. ढोबळ्या मिरच्या, काकड्या, टोमॅटो. अळंबीही त्या घरात येत नसे, पण 'कुणाला मारून काढलेलं नाही ना?' एवढं विचारून हसुबांनी तो थर चालवून घेतला होता. हसुबा त्या टेबलावर मांडून ठेवायच्या आणि येईल त्याला दाखवायच्या. "आमच्या अपुनं शोधलंय. पंधरा दिवस झाले, बघ, हात लावून बघ."

होळीपासून आषाढापर्यंत चार महिने झाले होते.

घरी आल्यावर तिने आईला सगळं सांगितलं. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात दोघीच. सुगंधा तांदूळ निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, मग ताट बाजूला सारलं.

"तू काय करतलंस आता?"

"सांगायला नको?"

"कित्याक? तिका ठावक नाय, तिचो जीव शांत आसा. तू सांगलंस की तुझ्या मनावरचा ओझा हलका होतला, आणि ता सगळा तिच्या डोक्यार जातला. म्हातारी बाय ती. तू आजपासून भाजी देव नको, झाला. काय तरी कारण सांग."

"आणि चार महिने जे खाल्लं त्याचं?"

"ता तिना जाणान खाल्ल्यान? नाय ना? मग पाप खंयचा?"

आईचं म्हणणं खोटं नव्हतं. पुढचे बारा दिवस ती तसंच वागली. कंपनीत माल कमी आहे, असं हसुबांना सांगितलं आणि बाजारातून साध्या मिरच्या नेऊन दिल्या. चौथ्या दिवशी त्या सुरकुतल्या. हसुबा हसल्या. म्हणाल्या, "तुझ्या मिरचीनं सवय बिघडवली माझी." त्या हसण्यानं अपूर्वाला रात्रीचं जेवण गेलं नाही.

कंपनीत तिने दोनदा विषय काढला. दुसऱ्या वेळी अनिरुद्धने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याच आठवड्यात पावडर तपासल्याची वही तिच्या टेबलावरून गेली. आता तिथे दुसऱ्याच कुणाची सही होऊ लागली.

जैनांचं पर्युषण पंधरा दिवसांवर आलं. रविवारी सकाळी हसुबांनी तिला वर बोलावलं. त्या खुशीत होत्या. या वर्षी त्या अठ्ठाई करणार होत्या. आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी. डॉक्टर नको म्हणत होते, मुलगा फोनवर रागावला होता, पण त्यांनी ठरवलं होतं. "गेल्या वर्षी नाही झालं, गुडघ्याचं ऑपरेशन करायचं की नाही त्यात गेलं. आता परत वेळ मिळेल, न मिळेल." मग म्हणाल्या, "एक जन्म तरी स्वच्छ जायला पाहिजे ना, दीकरी. निदान खाण्यापिण्यानं तरी कुणाचा जीव घेतला नाही मी. तेवढं एक आहे माझ्याजवळ."

अपूर्वा खिडकीपाशी बसली होती. तिने सांगून टाकलं. कुठून सुरुवात केली ते तिला नंतर आठवेना. बहुधा पावडरीपासून केली असावी. अळंबी, टरफलं, सोललेलं लेबल. मध्येच ती शुद्ध करण्याची प्रक्रिया समजावून सांगू लागली, अनिरुद्धचीच वाक्यं तिच्या तोंडून निघू लागली, आणि ती थांबली.

हसुबांनी एकच विचारलं. "कधीपासून?"

"होळीपासून."

त्या बराच वेळ हाताच्या बोटांवर काहीतरी मोजत राहिल्या. दिवस मोजत होत्या की जेवणं, कोण जाणे. मग भिंतीला धरून उठल्या. अपूर्वा मदतीला पुढे झाली तेव्हा त्यांनी हात वर केला. रागाने नव्हे, जरा थांब म्हणावं तसा. त्या स्वयंपाकघरात गेल्या. आत पाण्याचा आवाज येत राहिला. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा पदर ओला होता.

"तुला ठाऊक नव्हतं," त्या म्हणाल्या.

"नव्हतं. पण मला विचारता आलं असतं, हसुबा. मी विचारलं नाही."

"हं."

"मी कंपनी सोडतेय."

"ते तू बघ." त्या पलंगावर बसल्या. "आता जा बेटा. मला थोडं पडायचंय."

अपूर्वाने दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला. अनिरुद्धने तो वाचला, त्याची घडी घातली आणि म्हणाला, "बाहेर कुठे बोलणार आहेस?" ती म्हणाली, "हो." त्याने मान हलवली. खंडू गाळ्याच्या दारापर्यंत आला. त्याने तिची बॅग रिक्षात ठेवली. तिच्या बोलण्याने त्याचं काम जाऊ शकतं, हे दोघांनाही माहीत होतं.

तिने अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार केली. लेबलाच्या तुकड्याचा फोटो जोडला. पोच मिळाली, नंबर मिळाला. महिन्याभराने फोन करून पाहिला तर चौकशी चालू आहे, असं उत्तर मिळालं. खंडूने एकदा कळवलं, की माणसं आली होती. गाळ्यात त्या दिवशी अळंबीचेच डबे ठेवलेले होते. कुठून आणले, कुणास ठाऊक.

हसुबांनी पर्युषणाची वाट पाहिली नाही. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी तिसऱ्या दिवसापासूनच एक दिवस उपास आणि एक दिवस जेवण, असं धरलं. हे अपूर्वाला कळलं ते त्यांच्या कामवालीकडून, कुंदाकडून. कुंदा जिन्यात भेटली तेव्हा कुजबुजत म्हणाली, "ताई, जेवणाच्या दिवशीबी भाजी नाय घेत त्या. निस्तं मुगाचं पाणी आन खाकरा. काय झालंय त्यांना? तुमी बोला ना. तुमचं ऐकतात."

अपूर्वा वर गेली. दार उघडलं, पण साखळी काढली नाही. फटीतून हसुबांचा चेहरा दिसला. गाल बसलेले.

"हसुबा, डॉक्टरांनी नको म्हटलंय. माझ्या चुकीची शिक्षा तुम्ही का घेताय?"

"शिक्षा नाही गं. हिशेब माझा आहे, मीच करणार." मग अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "आई बरी आहे ना?"

"बरी आहे."

"छान." आणि दार हळूच लागलं.

ती खाली आली तेव्हा सुगंधा दारातच उभी होती. 'मी सांगितलं होतं' असं ती म्हणाली नाही, आणि तेच अपूर्वाला जास्त लागलं.

अठ्ठाईच्या पाचव्या दिवशी सकाळी हसुबा न्हाणीघराच्या उंबऱ्यात पडल्या. कुंदाच्या आरड्याने सगळी इमारत गोळा झाली. अपूर्वा आणि वॉचमनने त्यांना खुर्चीत बसवून खाली आणलं. लिफ्ट नेमकी बंद होती. दोन मजले उतरताना हसुबांचं डोकं तिच्या खांद्यावर होतं. वजन म्हणून काही उरलंच नव्हतं. हॉस्पिटलात सलाइन लावलं तेव्हा त्या शुद्धीवर होत्या आणि नको-नको म्हणत होत्या. उपास मोडला म्हणून त्या रडल्या. अपूर्वाने त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, नवरा गेला तेव्हाही नाही.

मुलगा दुपारच्या गाडीने आला. भला माणूस होता. अपूर्वाचे त्याने दोनदा आभार मानले. आईने त्याला काही सांगितलेलं नव्हतं, हे तिच्या लक्षात आलं. "या वयात हे सगळं कशाला, तूच सांग," तो म्हणाला. "आता इथे एकटी नाही ठेवणार. बडोद्याला घेऊन जातो."

जायच्या दिवशी टॅक्सी खाली उभी होती. मुलगा सामान ठेवत होता. हसुबा व्हीलचेअरवर होत्या. अपूर्वा त्यांच्या पायांशी वाकली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि काढला नाही.

"तू सांगितलंस ते बरोबरच केलंस," त्या हळू म्हणाल्या. "खोटं बोलली असतीस तर मला कधी कळलं नसतं. पण खरं सांगू, अपु? मला कळलं नसतं तर बरं झालं असतं. दोन्ही खरं आहे. काय करायचं."

टॅक्सी वळून हमरस्त्याला लागली. सुगंधा डोळे पुसत होती. अपूर्वाला रडू आलं नाही.

आता ती मुलुंडला पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करते. बाटल्या येतात, नमुने तपासायचे, आकडे लिहायचे. डब्यावर काय लिहिलंय ते ती दोनदा वाचते, आणि तरीही वास घेऊन पाहते. बरोबरचे तिला हसतात. 'हरितकवच'ची पाकिटं दुकानांत अजून मिळतात. दिवाळी येऊन गेली. अनिरुद्धने शब्द पाळला की नाही, हे तिला माहीत नाही. खंडूचा फोन आता लागत नाही.

बडोद्याला ती दर रविवारी फोन करायची. सून गोड बोलायची. बा झोपल्यात, बा देरासरला दर्शनाला गेल्यात, बा आत्ताच बसल्यात जेवायला. पौषात एकदा हसुबा स्वतः फोनवर आल्या. आवाज बराच सुधारला होता. थंडी फार आहे म्हणाल्या. गुडघ्याचं विचारल्यावर, आहे तसंच, म्हणाल्या. सुगंधाची चौकशी केली, पंतनगरच्या पाण्याची केली, कुंदाला काम मिळालं का विचारलं.

"आणि जेवण नीट होतं ना?" अपूर्वाने विचारलं.

"होतं की. सून चांगली आहे. डाळ, भात, रोटली." मग म्हणाल्या, "लीलोतरी सोडली मी. हिरवी भाजी, फळ, काहीच नाही. जन्मभराचा नियम घेतला साधू महाराजसाहेबांकडून. कुठे काय लावलेलं असेल, डोळ्याला दिसत तर नाही. कुणाकुणाला विचारत बसणार? त्यापेक्षा हे सोपं."

पलीकडे कुणीतरी त्यांना हाक मारली. येते हं, असं त्या तिकडे म्हणाल्या, मग इकडे, "चल, ठेवते. जप स्वतःला."

फोन बंद झाला. सुगंधा बाजारातून आली होती. पिशवी ओट्यावर ठेवून तिने विचारलं, "काय म्हणता गो म्हातारी?"

"बरी आहे," अपूर्वा म्हणाली, आणि पिशवीतली भाजी धुवायला घेतली. मेथी होती, चार वांगी होती. ती एकेक पान नळाखाली धरून बराच वेळ चोळत राहिली. शेवटी आईने नळ बंद केला.